अक्काचं गोष्टींचं पुस्तक

हे मी वर्षानुवर्षं टाळलं. थोरल्या बहिणीचा विषय निघाला की तिच्या हातच्या सारूचं, आमच्याकडच्या पातळ आमटीचं, कौतुक करून वेळ मारून नेई. आता टाळायचाही थकवा येतो.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं, घर कानडी मुलखातल्या मंडी मोहल्ल्यात. मी मात्र कचेरीत कारकून. अक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिला वाचता येत नसे. दिवे लागले की मी तिला कादंबरी वाचून दाखवी, महिनोन्‌महिने पुरेल अशी जाडजूड. छोट्या गोष्टी मला चुरमुऱ्यांसारख्या वाटत. कितीही खा, पोट भरत नाही.

मग अक्काने अंथरूण धरलं. वैद्यांनी आशा सोडली होती आणि ते तिला कळलं होतं.

"तम्मा, कादंबरीतल्या त्या बाईने सोमवारी दार ठोठावलं," ती एकदा म्हणाली; धाकट्या भावाला, मला, ती तम्माच म्हणे. "आज गुरुवार. घरात माणसं आहेत ना?"

"उघडतील."

"मी असेन का तोवर? शेवट तरी सांग."

"आधीच कळला तर गोडी काय?"

तिने उशाखालून एक पुस्तक काढलं. पुण्याहून आलेल्या मामेभावाकडून मागून घेतलेला गोष्टींचा संग्रह. "मग यातलं वाच. एका बैठकीत एक संपते म्हणे. तेवढं साकु मला, तेवढं पुरे."

"ते पोरासोरांचं," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी दुपारी ती झोपली असताना मी सहज ते पुस्तक उघडलं. पहिली गोष्ट होती विहिरीवर भांडणाऱ्या दोन जावांची. चार पानांत दोघींचे अख्खे संसार मावले होते. मग दुसरी वाचली, तिसरी वाचली. कादंबऱ्यांत इतका रमल्याचं मला आठवत नव्हतं.

अक्का जागी झाली. "काय वाचतोस रे?"

"काही नाही." मी पुस्तक उशाखाली सरकवलं.

कबूल केलं तर तिचं खरं ठरणार होतं. संध्याकाळी मी पुन्हा कादंबरीच काढली. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि निमूट ऐकलं. पुस्तकाचं नाव पुन्हा काढलं नाही.

ती गेली तेव्हा कादंबरीतलं दार नुकतं उघडलं होतं. बाई अजून उंबऱ्याबाहेरच होती.

तिला सांगायचं राहिलं ते एवढंच: अक्का, तुझं पुस्तक फार चांगलं होतं. मी ते वाचलं होतं. तुला वाचून दाखवलं नाही. चुकलो मी.