भासऱ्यांची फौज

नवेगाव बांधच्या तळ्यात पाणी नसेल एवढी फौज माझ्या भासऱ्यांच्या अंगात भरली आहे. भासरे म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. फौजेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी धानाच्या बांधीत जातानाही त्यांच्या पँटीला इस्त्री लागते, आणि चिखलात उतरण्याआधी बूट धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, एका रेषेत ठेवतात. घरातल्या बायांना ते सिव्हिलियन म्हणतात. आमच्याकडे भाऊसुनेनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, भासऱ्याशी सरळ बोलायचं नाही अशी रीत, म्हणून भाजी अळणी झाली की ते अंगणातल्या बकरीला म्हणतात, "सांग त्या सिव्हिलियनले, मीठ महाग नाई झालं." मीही बकरीलाच "हो" म्हणते. आधी ते सुट्टीवर आले की, मग रोज, वीस वर्षं असंच चाललं. मालक गेले तेव्हा सगळे रडले. भासरे सरणाजवळ सावधान उभे.

मग माझ्या मुलीनं फौजेचा फॉर्म भरला. लेखी परीक्षा पास झाली, धावण्यासाठी नागपूरला बोलावणं आलं. भासऱ्यांनी तिचे सगळे कागद आपल्या काळ्या पेटीत टाकून कुलूप लावलं. "फौज मर्दायची जागा हाय."

"मोठे बाबा, गावातले पोट्टे माझ्या मागं राहतेत," पोरगी म्हणाली.

"धावण्याचं कोण बोलून राहिलं?" म्हणून त्यांनी पेटीची किल्ली खिशात टाकली.

पोरगी दोन दिवस जेवली नाही. बस सकाळची होती. आदल्या संध्याकाळी मी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या खाटेसमोर उभी राहिले.

"भाऊजी, किल्ली द्या."

त्यांनी आधी बकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले मालूम नाई, बाई. आमच्या फौजी दवाखान्यात एक नर्सबाई होती. ती दिसली का आमी नाई नाई ते बोलत होतो. ती मान खाली घालून जाये. सगळ्यात मोठ्यानं मीच हासत होतो. उद्या आपल्या पोरीले पाहून कोणी तसाच हासन."

"हासणाऱ्यायपायी तिनं घरी काऊन बसावं?" माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग किल्ली खाटेवर ठेवली. सकाळी बसपाशी पोरीला म्हणाले, "कोणी वाकडं बोललं तं मान खाली नोको घालू. नाव ध्यानात ठेव, साहेबाले सांग."

आता ती ट्रेनिंगला आहे. भासरे सांजेला चौकात चहाला जातात. तिथे कोणी बायांवर काही बोलून हसायला लागलं की चहा अर्धा टाकून उठतात, असं शेजारीण सांगते. घरी येऊन मला म्हणतात, "आज लवकर आलो." मी पाणी देते. काऊन, ते विचारत नाही.