खोकल्याची यादी

आशाताईच्या भिंतीला भिंत लागून घर असलं, की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. मी अंगणात तूर निवडत बसते आणि ते कुंपणावरून आपोआप आत येतात. थोडी चौकशीही करते मी, खोटं कशाला बोलू! सुनंदा आमच्या गावची आशाताई. गेल्या साली टीबीची मोहीम निघाली आणि घरोघरी खोकणाऱ्यांची यादी करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तेव्हापासूनचे हे किस्से.

*

पहिल्याच दिवशी अख्ख्या गल्लीचा खोकला गायब!

किसनबुवा महिनाभर खोकून राह्यले होते. पण सुनंदा दारात आली तसा त्यांनी दुपट्टा तोंडात कोंबला. डोळे लाल, मान थरथरते.

"बुवा, खोकला आहे का?"

बुवांनी नुसती मान हलवली. नाही.

ती फाटकाबाहेर पडली आणि बुवा खोकता खोकता आडवे झाले. मी पाणी घेऊन धावले, तर डोळे न उघडताच विचारतात, "गेली का थे?"

*

बेडका तपासायला सुनंदा एक प्लास्टिकची डबी देते. पार्वताआजीनं ती सांगितलेल्या दिवशी बरोबर आणून दिली. सुनंदानं झाकण उघडलं, तर आत काठोकाठ तुरीची डाळ!

"आजी, हे काय वं?"

"शेजारनीचं भांडं रिकामं वापस देत असते काय माय?"

"अन् बेडका?"

"तो फेकला ना! डबी राखेनं घासली. तुह्या भांड्यात घाण ठीवून देऊ काय?"

मी पोट धरून हसले. सुनंदा हसली नाही. दुसरी डबी जाऊन रिपोर्ट येईपर्यंत तीन आठवडे गेले. टीबीच निघाला. आणि ते तीन आठवडे आजी लहान नातीला कुशीत घेऊनच निजत होती.

*

यादीत पुढचं नाव आलं गजाननचं. त्यालाही टीबीच निघाला. तो आमच्या मागच्या घरात राहतो, दरसाली बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. गावातल्या एका पुढाऱ्यानं त्याला पौष्टिक आहाराचं किट दिलं. शेंगदाणे, गूळ, डाळ. देताना फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'टीबी रुग्णास मदत.'

खाली एकानं लिहिलं, "अभिनंदन भाऊ!"

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं गजाननचा कप वेगळा ठेवला. हापशीवर त्याची बायको रेखा आली, की बाया भरलेली घागर उपडी करून पुन्हा घासायच्या. आणि तो पुढारी किट देऊन झाल्यावर आधी हात धुवायला पळाला होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

*

पण गजानन गोळ्यांना पक्का! सुनंदा दर सोमवारी आठवड्याच्या गोळ्या द्यायची आणि रिकामी पाकिटं मोजून घ्यायची. एक गोळी शिल्लक नाही. "काकू, हा माहा एक नंबरचा पेशंट," ती मला सांगायची.

कोर्सचे सहा महिने भरले. ऊसतोडीची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. सुनंदानं गजाननला त्याच्याच दारात वजनकाट्यावर उभं केलं, तर वजन सुरुवातीपेक्षाही कमी! तिचा आवाजच चढला.

"गोळ्या फेकल्या ना भाऊ तुमी?"

"देवाशपथ नाही ताई."

तेवढ्यात घरातून रेखाचा खोकला आला. तो मला कितीतरी दिवसांपासून ऐकू यायचा. चुलीचा धूर असेल, म्हणून मी गप्प राहिले होते. एरवी मी कुठं गप्प राहते!

सुनंदानं दाराकडे पाहिलं, मग गजाननकडे.

"एक दिवस मी घ्यायचो, एक दिवस थे," तो खाली पाहत म्हणाला. "तिचं नाव तुमच्या यादीत गेलं असतं, तर तिचाबी फोटो काढला असता."

सुनंदा तिथंच ओट्यावर बसली. हातातली रिकामी पाकिटं उलटसुलट करत राहिली. गजाननला वाटलं, ताई हिशोब लावून राह्यली. त्यानं समजूत घातली,

"ऊस तोडाले गेलं का मुकादम आमा नवरा-बायकोले मिळून एकच कोयता मोजते ना ताई. मंग तसंच हे. सहा महिन्याच्या गोळ्या दोघांनी मिळून संपवल्या. कोर्स तं पुरा झाला ना?"