अर्ध्या पुस्तकाचा हकीम

साळू, मी पहिल्यांदा हैदराबादला निघालो तेव्हा तू आजीच्या कडेवर होतीस. राजूरजवळच्या आपल्या वस्तीवरून बैलगाडी करून तुझा बाप मला जालन्याच्या स्टेशनावर सोडायला आला होता. तुझी आई तुझ्या बाळंतपणात गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. काचीगुड्याची गाडी फलाटाला लागली, मी ट्रंक उचलली. दादा शेजारच्या मोकळ्या जागेकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "अगं, तुझा दीर चाल्ला. बोल की दोन शब्द त्याच्याशी." माणसं वळून पाहायला लागली. माझ्याबरोबर निघालेला एक शाळासोबती फिसकन हसला. मी दादाच्या पाया न पडताच डब्यात चढलो.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथं आहे, म्हणून आधी हेच लिहितो.

आपल्या वस्तीवर दादाला कुणी वेडा म्हणत नव्हतं. सकाळी तो मेंढरं घेऊन निघाला की माय फडक्यात दोघांच्या भाकरी बांधून द्यायची. दुपारी पळसाखाली बसून तो वयनीचा, तुझ्या आईचा, वाटा वेगळा काढायचा, कोणती मेंढी लंगडतेय, कुठं गवत संपलं, सगळं तिला सांगायचा, आणि शेवटी "तिला आज भूक न्हाई म्हन्ली" म्हणून तिच्याही भाकरी स्वतःच संपवायचा. वाटेत भेटणारे त्याला रामराम घालायचे आणि वयनीलाही सांगायला सांगायचे. कामात त्याची चूक नसे. पाण्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले, तर दादानं एक हाळी दिली की त्याची मेंढरं बरोबर बाजूला होत.

इकडं मला एका कॉलेजच्या कुतुबखान्यात मुलाजमत मिळाली, म्हणजे नोकरी. कपाटं झाडायची, मागतील ती पुस्तकं काढून द्यायची. दफ्तरात उर्दू, गल्लीत तेलुगू, मराठी फक्त तुमच्या पत्रात. एका कपाटावर 'नफ्सियात' अशी चिठ्ठी होती. मनाचं शास्त्र. माणूस असा का वागतो, मन आजारी कसं पडतं, त्यावर इलाज काय, अशी पुस्तकं. बहुतेक इंग्रजी, दोन-तीन उर्दूत उतरवलेली. नोकरांना पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून मी झाडणी काखेत धरून उभ्यानंच वाचायचो.

तिथं एका पानावर मला दादा भेटला. मेलेलं माणूस जिवंत आहे असं धरून चालणारा रोगी. मला दुःख व्हायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला आनंद झाला. मला ज्याची लाज वाटत होती त्याला आता मोठं नाव मिळालं होतं. घरच्यांनी रोग्याच्या होला हो केलं तर आजार मुरतो, असंही तिथं होतं. इलाजाचं प्रकरण त्याच्या पुढं होतं. तेवढ्यात माझी रुखसत, म्हणजे रजा, मंजूर झाली आणि मी पुस्तक मिटून गावाला आलो.

आठ दिवस मी वस्तीवर हकीम होऊन मिरवलो. "दादाचं मन बीमार आहे, त्याला हकीकत, खरं काय ते, कळायला पाहिजे," असं घरोघर सांगितलं. माय म्हणाली, "अरं, तो कुनाचं काय घेऊन राह्यला? बोलू दे की." मी तिला म्हणालो, तूच त्याचा आजार वाढवतेस. शिकलेला लेक सांगतोय म्हणून बिचारीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिनं एकाच माणसाचं जेवण बांधलं.

त्या दुपारी मी मुद्दाम दादाबरोबर गेलो. त्यानं फडकं सोडलं, पाहिलं आणि विचारलं, "हिचं कुठंय?"

"वयनी मेली, दादा. तूच माती दिली तिला."

त्यानं फडकं मांडीवर ओढलं. मग "बरं" म्हणाला आणि खाली मान घालून जेवला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

महिन्याभरात पत्र आलं. दादानं बोलणं सोडलं होतं. वयनीशी नाही, मायशी नाही, तुझ्याशीही नाही. मेंढरांना हाळीसुद्धा देत नव्हता. ज्याच्या तोंडातून हाळी निघत नाही, त्याच्यामागं मेंढरू कशाला येईल? कळप फुटला, उरलेली मेंढरं चुलत्यांनी नेली. तेव्हा कुठं मी इलाजाचं प्रकरण वाचलं. रोग्याचा विश्वास आधी मिळवावा, त्याला त्याच्या दुःखाबद्दल बोलू द्यावं, त्याचा आधार एकदम काढून घेऊ नये. अकरा पानं पुढं होतं ते.

तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की आजारच वाढला. माय शेवटपर्यंत म्हणत होती, "माझ्याच हातून लेकराला कमी पडलं." मी ऐकलं आणि गप्प बसलो. त्या म्हातारीच्या माथी माझा गुन्हा मी राहू दिला, साळू.

गेल्या चैत्रात आलो तेव्हा तू पाण्याला गेली होतीस. मी ओट्यावर दादाजवळ बसलो आणि धीर करून म्हणालो, "दादा, वयनीला रामराम सांग माझा." इतक्या वर्षांनी तो माझ्याशी बोलला. आवाजात राग नव्हता. लहान भावाची चूक दुरुस्त करावी तसं म्हणाला, "ती मेली ना, बापू. तूच तं सांगितलं."

आणि आता तू गुरुजींकडून लिहवून घेतलंस, की काका, तुमच्याकडं अशा बीमारीची पुस्तकं आहेत, एकदा येऊन बाबाला बरं करा. इथं कुणी गाव विचारलं की मी अजून राजूरकडचाच म्हणून सांगतो. पण ज्या घरात सगळे मला शहाणा समजतात, तिथं यायला मला तोंड नाही.

हे पत्र गुरुजी वाचून दाखवतील, चार माणसं जमतील. जमू दे. मायवर आलेला बोल सगळ्यांसमोर उतरू दे. दादालाही जवळ बसव. वाचून झालं की त्याला एवढंच विचार, बापूनं घरी यावं का? तो बोलेपर्यंत मी वाट पाहीन. नाहीच बोलला, तर तेही माझंच केलेलं आहे.