गार हाताच्या अक्का

अक्कांचा हात नेहमी गार असायचा. धुळ्याच्या मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असू आणि अक्का बर्फाच्या पातेल्यात हात घालून नळ्या हलवत बसलेल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या आम्हाला संशोधन शिकवायच्या. ‘मॅडम’ म्हटलं की ओ द्यायच्या नाहीत. बर्फ वितळला तर अक्काही वितळतील, असं आम्ही मागून म्हणायचो.

पेशीच्या पडद्यात चरबीचे घट्ट, इवलेसे तराफे तरंगतात आणि आम्ही अभ्यासत होतो ते प्रथिन त्यांवरच बसतं, हे दाखवण्यात त्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली. गारठवलेल्या पेशींवर साबण घालायचा. बाकीचा पडदा विरघळतो, तराफे उरतात. साखरेच्या पाकात यंत्रावर गरगर फिरवले की पांढरा पट्टा वर येतो. त्या पट्ट्यात प्रथिन हमखास सापडायचं.

तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. “साबणानेच ते तिथं ढकललं असलं तर?” असं त्या स्वतःलाच विचारायच्या. खात्री करायची तर जिवंत पेशीत ते प्रथिन चमकवून, ते तराफ्यांपाशी अडतं का हे बघायला हवं. तसा सूक्ष्मदर्शक जळगावला होता.

जिवंत पेशींना ऊब लागते. पहिल्या खेपेला अक्कांनी सवयीने बाटली बर्फात ठेवली आणि जळगावला पोचेपर्यंत पेशी मेल्या. परतताना बसमध्ये त्या पारोळ्यापर्यंत हसत होत्या. म्हणाल्या, जन्म गेला गारठवण्यात, ऊब द्यायची अक्कल कुठून येणार?

दुसऱ्या खेपेला बाटली पदरात धरून मी एकटीच गेले. अक्का दवाखान्यात होत्या, डॉक्टरांनी आशा सोडली होती. पेशी जगल्या. प्रथिन चमकलं, पण कुठेही न अडखळता पडदाभर मोकळं फिरत राहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं, तेच.

परत दवाखान्यात येताना ठरवलं होतं, खोटं सांगायचं. माणूस समाधानाने जाऊ दे.

“दिसनं का, माय?” अक्कांनी घरच्या अहिराणीत विचारलं.

खोटं तोंडातून निघेना. “नाही अक्का. ते सगळीकडे मोकळंच फिरतं.”

 अक्कांच्या डोळ्यांतलं पाणी कानाशी ओघळलं, त्यांनी पुसलं नाही. मग माझा हात धरला. तापाने त्यांचा हात कढत झाला होता. तो अक्कांचा वाटेचना.

“मंग तसंच लिख. मन्हं नाव पयलं टाक. जे शे ते शे.” जे आहे ते आहे.

लेख छापून आला. अक्कांचं आयुष्यभराचं म्हणणं खोडून काढणारा तो लेख, आणि त्यावर पहिलं नाव त्यांचंच. ते बघायला अक्का नव्हत्या.