कोपऱ्यातला लाल टाका

माझी मावशी शालिनी, वय अठ्ठावन्न, यंदाच्या भोगीच्या दिवशी सकाळी साडेदहा ते सव्वाअकराच्या मध्ये कधीतरी, प्रताप नगरातल्या एका भाड्याच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात, दुसऱ्याच्या घरी चादर धुताना मेली. घरच्यांनी कार्डावर 'देवाज्ञा झाली' असं छापलं. मी ती कार्डं वाटली नाहीत. देवानं अशी काही आज्ञा दिल्याचं मला माहीत नाही. तिला मारलं ते न्हाणीघराच्या आत बसवलेल्या गॅस गिझरनं आणि वरच्या बंद झरोक्यानं. झरोका आपोआप बंद होत नसतो... कुणीतरी तो बंद करतं. कुणी केला, ते मी या लेखात सांगणार आहे. सांगायची भीती वाटते, म्हणून हे वाक्य आधीच लिहून ठेवते. आता मागे फिरता येणार नाही.

फोन आला तेव्हा मी आमच्या घरकामगार संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. पलीकडे त्या फ्लॅटमधल्या ज्योतीवहिनी होत्या. त्या गोंदियाकडच्या, सासूच्या उपचारासाठी तीन महिने नागपुरात राहायला आलेल्या. आवाज इतका हळू, की आधी ओळखलाच नाही. "ताई, मी आत्ताच औषधं घेऊन आली. शालूकाकू न्हाणीघराचं दार उघडून नाही राहिल्या. नळाचा आवाज येऊन राहिला, पण त्या बोलून नाही राहिल्या." मी ओरडले, दार तोडा! त्यावर त्या काय म्हणाल्या, ते अजून माझ्या कानातून जात नाही. "पण आई झोपल्या आहेत ना..." शेजारी माणूस मरत असतानासुद्धा आपण दुसऱ्याची झोप मोडायला भितो. मावशीही त्याच भीतीनं मेली. ते पुढे येईलच.

मावशीचा धंदा लोकांना समजावून सांगावा लागायचा. उपचारासाठी, नोकरीसाठी, पोरांच्या शिकवणीसाठी माणसं नागपुरात दोन-चार महिने राहायला येतात. फ्लॅटमालक पलंग देतो, पंखा देतो, आणि त्याला 'फुल फर्निश्ड' म्हणतो. मग झोपायचं कशावर? भात कशात लावायचा? ते सगळं मावशी भाड्यानं पुरवायची. चादरी, उशा, अभ्रे, टॉवेल, कुकर, तवा, चिमटा, बादली, मग, अगदी देवापुढची काडेपेटीसुद्धा. कळमन्याच्या बाजारातून ती संत्र्यांचे रिकामे क्रेट आणायची आणि एका घराचा संसार दोन क्रेटमध्ये बसवायची. क्रेट उघडला की आधी संत्र्याचा वास यायचा, मग साबणाचा. चादरी ती एसटीनं उमरेडला जाऊन तिथल्या मागावरच्या, जाड, पांढऱ्याच आणायची. "रंगीत चादर खोटं बोलते वं," म्हणायची. "पांढरीवर मळ दिसते, म्हणून तं माणूस तिच्यावर भरोसा ठेवते." प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात ती लाल दोऱ्याचा एक आडवा टाका घालायची. ती आपली खूण. चादर विरली की तिचे चौकोन कापायचे, त्या प्रत्येक चौकोनालाही पुन्हा लाल टाका, आणि पुसायला म्हणून एकेक कापड प्रत्येक क्रेटमध्ये सगळ्यात वर. ते कापड लक्षात ठेवा.

मी हडकुळी, तोंडाळ, बी.ए. होऊन रिकामी, सकाळी तिच्या स्कूटीमागे क्रेट धरून बसायची आणि दुपारी घरकामगार बायांसाठी पत्रकं लिहायची. तिला माझ्या पत्रकांचं भारी कौतुक. "कागद चांगला जाडा आहे. कपाटात अंथराले कामी येते." मी चिडले की म्हणायची, "चिडू नको. तू लोकायले सांगते काय कराचं, मी जाऊन करतो. दोघींचं मिळून एक पुरं काम होते."

तिचा एक नियम होता, तो मला दुसऱ्या कुणाकडे दिसला नाही. आजारी माणसानं खराब केलेली चादर ती कधीच तशी घराबाहेर नेत नसे. "जिन्यातून नेली का सारी बिल्डिंग पाहते. त्यायले काहून लाज वाटू द्याची?" म्हणून तिथंच, त्यांच्याच न्हाणीघरात डाग काढायचा, पिळायची, आणि मग ओली चादर स्वच्छ टॉवेलात गुंडाळून न्यायची. "रक्ताले थंड पाणी, तेलाले गरम," हे तिनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. "उलट केलं तं डाग जन्मभर बसते."

गिझरला मात्र ती भ्यायची. अगदी लहान मुलासारखी. नळ सोडला की तो भप्प करून पेटायचा आणि ती एक पाऊल मागं सरायची. "पाह्य कसा पाहून राहिला माह्याकडे! मेल्याले माह्यावर डूख आहे." मी हसायचे. ती हसत नसे. दारात बादली पालथी घालून ठेवायची, म्हणजे दार लागणार नाही, आणि मगच कामाला बसायची. प्रताप नगरातल्या त्या फ्लॅटच्या मालकाला ती माझ्यासमोर म्हणाली होती, "भाऊ, हा डब्बा बाहेर गॅलरीत घ्या. आत नाही ठेवत असा." चार फ्लॅटचा तो धनी मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "काकू, अर्ध्या नागपुरात असाच आहे. कोणी मेलं का?" मावशी म्हणाली, "मेलेलं माणूस सांगाले येते का भाऊ?" तो म्हणाला, करतो, पुढल्या महिन्यात. तो पुढला महिना आला नाही. त्याचा गुन्हा मी कमी करत नाही. पण तो एकटा नाही.

डिसेंबरात थंडी पडली. मावशीला ताप होता, म्हणून मी एकटीच ज्योतीवहिनींकडे टॉवेल द्यायला गेले. त्या म्हणाल्या, "ताई, आईंले अंघोळीच्या वेळी हुडहुडी भरते. वरून गार वारा येते. अन् ते कबुतरं, सारी घाण आत! काही करता येईल का?" मी म्हटलं, एका मिनिटाचं काम. स्टूल घेतलं, क्रेटमधलं वरचं पांढरं कापड घेतलं, मावशीनं शिकवलेली घडी घातली, कडा आत, कोपरे चपटे, आणि झरोक्यात ठासून बसवलं. लाल टाका तेवढा आतल्या बाजूला घेतला, ठिपका उठून दिसू नये म्हणून. पांढऱ्या टाइल्समध्ये ते कापड इतकं चपखल बसलं, की भिंतच वाटावी. वहिनी म्हणाल्या, किती हुशार हो तुम्ही. मला ते इतकं आवडलं, की त्या आठवड्यात आणखी घरांमध्येही मी तसंच केलं. काहींना नुसतं सांगितलं, हे कापड याच कामाला ठेवा. मावशीला सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

भोगीच्या सकाळी सासूबाईंच्या अंगाला लावायचं औषधी तेल चादरीवर सांडलं. मावशी ती बदलायला गेली, एकटीच, कारण मी पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. तेल. म्हणजे गरम पाणी. रक्त असतं तर ती थंड पाण्यानं धुऊन आज घरी असती... हा विचार मी रोज करते आणि त्याची मला शरम वाटते. ज्योतीवहिनी औषधं आणायला खाली गेल्या, सासूबाईंना बऱ्याच दिवसांनी झोप लागली होती. न्हाणीघराचं दार कडी लावल्याशिवाय लागत नाही. नळाचा आवाज होऊ नये म्हणून मावशीनं पालथी घातलेली बादली बाहेर सरकवली आणि कडी लावली. बादली तशीच दाराबाहेर होती, मी पोचले तेव्हा. वर झरोका आहे, तेवढी हवा पुरेल, असं तिनं धरलं असणार. तिनं वर पाहिलंही असेल. तिला भिंत दिसली असेल.

दुसऱ्या दिवशी गॅसचा माणूस आला. म्हणाला, कोंडलेल्या जागेत गिझर जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, या वायूला वास नसतो, डोकं जड होतं, माणसाला वाटतं थकवा आला, जरा बसू. मग उठता येत नाही. बोलता बोलता त्यानं स्टुलावर चढून झरोक्यातून कापड ओढलं आणि विचारलं, "हे कोणी कोंबलं?" घडी उलगडली. कोपऱ्यात लाल टाका. मालक पटकन म्हणाला, "पाहा, हे तर काकूंचंच आहे. त्यांनीच लावलं असेल." आणि मी, जी लोकांना न भिता बोला असं छापून वाटते, ती गप्प उभी राहिले. घरी येऊन मालकाविरुद्ध पत्रक लिहिलं. धारदार लिहिलं. त्यात कापडाचा उल्लेख नव्हता. ते पत्रक मी वाटलं नाही. ते कपाटात अंथरलं आहे.

तेव्हापासून मी दारोदार फिरते आहे. बेल वाजवते, उत्तर येईपर्यंत आत नळ चालू आहे का ते कान देऊन ऐकते. दार उघडायला उशीर झाला की पुन्हा पुन्हा बेल दाबते. एका बाईंनी आतून "अंघोळ चालू आहे, नंतर या" म्हटलं, तर मी जिन्यात बसून त्यांचं नाव घेऊन हाका मारत राहिले. लोक जमले, वेड्यात काढलं. सात कापडं काढून आणली. पण दोन घरची माणसं मुक्काम संपवून गावी गेली आहेत, एक चंद्रपूरकडे, एक कुठं ते कळत नाही. कापड त्यांनी नेलं असेल किंवा नसेल. युक्ती मात्र नक्की नेली. ती त्यांनी कुणाकुणाला सांगितली, हे मला कधीच कळणार नाही.

सातही कापडं मावशीच्या खोलीत शेवटच्या क्रेटवर ठेवली आहेत. खोलीच्या दारात तिची बादली पालथी आहे. घरात गिझर नाही, तरी तिला सवय होती. आम्ही सगळे ती ओलांडून जातो. उचलत कुणी नाही.

तुम्ही हळहळू नका. हळहळ मला नको. हा कागद खाली ठेवा, न्हाणीघरात जा, वर पाहा. झरोक्यात कापड असेल, पुठ्ठा असेल, काच असेल, काढा. गॅसचा गिझर आत असेल तर तो बाहेर बसवेपर्यंत पेटवू नका. पाणी ओट्यावर तापवा. भाड्यानं घर देत असाल तर आधी तिथं जा. आत कुणी असेल तर झोप मोडेल म्हणून थांबू नका, दार वाजवा. आणि हाती आलेल्या कापडाच्या कोपऱ्यात लाल टाका दिसला, तर समजा की ते मी लावलंय किंवा लावायला सांगितलंय. आत्ता काढा.