लेप सुटतो का?

परीक्षक म्हणून बोलावणे आले तेव्हा मी उमेदवारांची नावे वाचली नाहीत. त्यांचे मार्गदर्शक कोण, एवढेच पाहिले. समाजाच्या उपयोगी पडणारे संशोधन करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांचा तो पुरस्कार होता आणि आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला तिथे एक खुर्ची मिळत होती. शेवटच्या उमेदवार मुलीचे मार्गदर्शक माझे जुने वरिष्ठ होते. मी त्याच संध्याकाळी होकार कळवला.

वरिष्ठही मराठीच; पुण्याहून मी आयर्लंडला आलो तो त्यांच्याच प्रयोगशाळेत. ज्यांना लघवीसाठी कायमची नळी घालावी लागते त्यांच्या नळीत क्षार साठतात, नळी तुंबते आणि परिचारिका गाडी काढून घरी पोहोचेपर्यंत माणूस तळमळत राहतो. नळीला आतून द्यायचा एक लेप मी तयार केला. त्यावर क्षार धरत नव्हते. वरिष्ठांनी तो एका परिषदेत सादर केला. शेवटी पडद्यावरच्या आभाराच्या यादीत संगणक दुरुस्त करणाऱ्याचेही नाव होते, माझे नव्हते. मी विचारले, तेव्हा ते मोकळेपणाने हसले.

“अरे, तू तर घरचाच! घरच्यांचे आभार कोणी मानतं का?”

त्याच सुमारास माझ्या लक्षात आले की काही आठवडे कोमट द्रवात राहिला की तो लेप पापुद्र्यांनी सुटू लागतो. मी त्या नळ्या टाकून दिल्या, राजीनामा दिला आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. एक दिवस भर सभेत त्यांचा तो लेप सुटेल आणि मी ते पाहीन, या कल्पनेवर मी पुढची कितीतरी वर्षे काढली. ती कल्पना मला उबदार वाटत असे, हे लिहिताना आज संकोच होतो. पण वरिष्ठ दुसऱ्या विषयाकडे वळले आणि लेप तसाच पडून राहिला. आता तोच विषय त्यांनी या मुलीला दिला होता.

पुरस्काराच्या सकाळी मी टाय बांधत असताना बायको म्हणाली, “एवढे नटून कोणाचा काटा काढायला निघालात?” मी हसलो.

सादरीकरणाआधी अध्यक्षबाईंनी रीतीप्रमाणे विचारले: उमेदवारांमध्ये कोणाचे नातलग आहेत का, विद्यार्थी, धंद्यातले भागीदार? वैराबद्दल कोणी विचारले नाही. तरी मी हात वर केला.

“शेवटच्या मुलीच्या मार्गदर्शकांना मी ओळखतो.”

“गॉलवेत कोण कोणाला ओळखत नाही?” त्या म्हणाल्या. “इट्स ग्रँड, काही हरकत नाही. चला, चहाआधी सगळ्यांचं उरकू.”

मी खरे बोललो होतो आणि त्यातून सुटलोही होतो. इतका सोयीचा प्रामाणिकपणा मला पूर्वी साधला नव्हता.

मुलगी उभी राहिली तेव्हा वरिष्ठ पहिल्या रांगेत येऊन बसले. केस पांढरे झाले होते. पायावर पाय टाकण्याची ढब तीच होती. ती नीट, न घाबरता बोलली. तिने लेपाचा इतिहास सांगितला, वरिष्ठांचे नाव घेतले. मी एकदाही तिच्याकडे पाहिले नाही. माझी पाळी आली तेव्हा मी आवाज शक्य तितका मऊ ठेवला; माझा राग नेहमी मऊच बोलतो.

“काही आठवड्यांनंतर हा लेप सुटतो का?”

“सुटतो,” ती लगेच म्हणाली. “म्हणून मी तो सोडूनच दिला. आता नळीचा आतला पृष्ठभागच असा घडवते की क्षार चिकटत नाहीत. पण हे कळायला माझं एक वर्ष गेलं. लेप टिकतो असंच आम्ही धरून चाललो होतो. सरांनाही माहीत नव्हतं.”

वरिष्ठांनी सर्वांसमक्ष मान डोलावली. चूक कबूल केल्याचे श्रेयसुद्धा त्यांनी घेतले, असे माझ्या मनात आले. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध बाईंनी चष्मा काढला. रुग्णांच्या घरच्यांतर्फे त्या परीक्षक होत्या. त्यांच्या नवऱ्याने अखेरची वर्षे अशाच नळीवर काढली होती.

“म्हणजे ते वर्ष फुकट गेलं नसतं, तर नळी तेवढी लवकर आली असती?”

“हो,” मुलगी म्हणाली. “तेवढी लवकर.”

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मी त्या मुलीला पूर्ण गुण दिले. ते न्याय म्हणून दिले की तोंड लपवायला, हे मला सांगता येणार नाही.

पुरस्कार तिलाच मिळाला. चहाच्या वेळी ती आनंदाने माझ्याकडे आली आणि माझे आडनाव ओळखून मराठीत बोलू लागली. वरिष्ठ तिच्या मागेच, कप घेऊन उभे होते.

“काका, तुमच्या प्रश्नामुळेच मला ते वर्ष सांगता आलं, नाहीतर वेळ संपत आली होती. पण तुम्हाला बरोबर तेच विचारायचं कसं सुचलं?”

“तो पूर्वी आमच्याकडेच होता,” वरिष्ठ हसत म्हणाले. “घरचाच आहे.”

इतकी वर्षे मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच होता. एका वाक्यात त्यांचे हसू उतरवता येणार होते; फक्त त्या वाक्यात मीही येत होतो.

“लेप मी बनवला होता,” मी म्हणालो. “तो सुटतो हेही तेव्हाच पाहिलं होतं. यांनी माझं नाव गाळलं, म्हणून मी सांगितलं नाही.”

वरिष्ठांचा चेहरा मी इच्छिला होता तसाच उतरला. मी तो पाहिला आणि मला आनंद झाला. तो मी नाकारणार नाही. पण मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“एक फोन केला असता, काका,” ती म्हणाली.

मग तिला फोटोसाठी बोलावले आणि हातातला कप टेबलावर ठेवून ती गेली.