तात्यांनी साफ केलेलं डाळिंब

ड्रमचं झाकण उघडलं आणि मी ओरडलेच, "तात्या, लाल रंग कुठं गेला?"

"झाला का न्हाय माल साफ?" तात्या खुशीत म्हणाले.

इंदापूरजवळचं हे शेतकऱ्यांचं छोटं युनिट. तडकलेली डाळिंबं व्यापारी घेत नाहीत. त्यांचा रस आटवून आम्ही दाट कॉन्सन्ट्रेट करत होतो. प्रोसेस बसवून द्यायला मी बारामतीहून जायचे. पुण्याचा एक सरबतवाला त्याच दुपारी माल बघायला येणार होता. पसंत पडला तर हंगामभर घेणार, नाहीतर फळं उकिरड्यावर. शेळगावच्या मंदाताईंनी बागेतलं फुटलेलं एकूण एक फळ आम्हाला दिलं होतं.

मी बजावून गेले होते, ड्रममध्ये सोडियम बेंझोएट घाला. त्यानं बुरशी धरत नाही, रस आंबत नाही आणि रंगही शाबूत राहतो. पण तात्या पडले युनिटचे चेअरमन! उभी हयात साखर कारखान्यात गेलेली. तिथं उसाच्या रसात गंधकाचा धूर सोडून तो स्वच्छ करतात. स्टोअरमध्ये पेरूचा पल्प टिकवण्यासाठी ठेवलेल्या केएमएस पावडरची पिशवी होती. त्यातूनही गंधकाचाच वायू सुटतो. पेरूला चालतो, लाल फळाचा मात्र रंग खातो. हे पिशवीजवळ लिहून चिकटवलं होतं. पण चेअरमन वाचतात कशाला?

"किती घातलं?"

"पसाभर. वर आनि थोडं."

"वजन न करता?"

"आवं म्याडम, हातच आमचा काटा. पांढरं तितकं भारी, एवढं बी ठाव न्हाय तुमाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोडा माल पातेल्यात तापवून पाहिला. गंधक उडाला तसा रंग जरासा परतला, फिक्कट गुलाबी. पण नाकात झिणझिण्या आणणारा वास काही जाईना. टेस्ट केली तर केएमएस कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. म्हणजे विषयच संपला.

सरबतवाला आला. ड्रममध्ये डोकावला आणि म्हणाला, "हे लिंबाचं असेल. डाळिंबाचं दाखवा."

"ह्येच की," तात्या म्हणाले. "साफ केलंय."

त्यानं एकदा वास घेतला, शिंकला आणि गाडीत जाऊन बसला. चहालासुद्धा थांबला नाही.

मंदाताई दारातच उभ्या होत्या. "तात्या, झाडावर अजून फळ तडकतंय. ते आता कुठं घालू?"

तात्या आभाळाकडं बघत म्हणाले, "गिऱ्हाइकाला पारख न्हाय."

मंदाताईंनी पुढची फळं दिली नाहीत, कुणीच दिली नाहीत. त्या हंगामात युनिटला कुलूप लागलं. परवा कळंबला जाताना मी मुद्दाम थांबून, किल्ली मागून घेऊन तो ड्रम उघडला. बुरशी नाही, फेस नाही, माल ठणठणीत. टिकवण्याच्या बाबतीत तात्यांना नावं ठेवायला जागा नाही.